आवडते, पण इतक्यात नको

रविवारी जेवताना राजकारणाचं नाव काढायचं नाही, असा हुकूम अल्बीना स्कार्डाने शुक्रवारीच सोडला होता. एकेकाला फोन करून तिने तो सांगितला आणि प्रत्येकाने विनातक्रार मान्य केला. स्कार्डांनी एखादी गोष्ट विनातक्रार मान्य केली की ती पाळली जात नाही, हे पन्नास वर्षं त्या घरात काढलेल्या बाईला खरं तर ठाऊक असायला हवं होतं.

शुक्रवारच्या पेपराने घोळ घातला होता. आपल्या राज्याच्या सिनेटर मार्टा स्कार्डा यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहावं का, असं पेपरवाल्यांनी आयोवाभर फोन करून विचारलं होतं. बाई आवडतात, असं बहुतेकांनी सांगितलं. अजून थोडं थांबावं, असंही त्याच बहुतेकांनी सांगितलं. पेपराने ठळक मथळा दिला: ‘आवडते, पण इतक्यात नको.’

हाव्लिक गावात दोन दिवस याशिवाय दुसरा विषय नव्हता. मार्टाला सिनेटमध्ये जाऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. ती निवडून आली तीसुद्धा समोरचा मातब्बर सिनेटर ऐन निवडणुकीत एका लफड्यात सापडला म्हणून. त्याआधी ती गावच्या हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायची. राज्यघटना डोक्यात शिरत नाही म्हणून तिने ज्यांना नापास केलं होतं, ती मंडळी आता न्हाव्याच्या दुकानात बसून तिच्या अनुभवाबद्दल मत देत होती. एक जण म्हणाला, पोरगी हुशार आहे, पण देश म्हणजे काही दहावीचा वर्ग नव्हे. दुसरा म्हणाला, दहावीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला देश जड जाऊ नये. न्हाव्याने दोघांचेही केस जरा जास्तच कापले.

अशात लुमीर आणि अल्बीनाच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव आला होता. जेवण कुठे ठेवायचं यावर वाद झालाच नाही. घरचं लिलावघर होतं. लुमीरच्या आजोबांनी बांधलेलं, एका वर्षी आगीत जळलेलं आणि लुमीरच्या वडिलांनी पुन्हा उभं केलेलं. दर मंगळवारी तिथे गुरांचा लिलाव व्हायचा आणि लुमीर शहात्तराव्या वर्षीही माइकसमोर बसून बोली पुकारायचा. एमिलने, म्हणजे त्याच्या थोरल्या मुलाने, रिंगण धुऊन काढलं, भुसा बदलला, त्यावर फळ्या टाकून टेबलं मांडली. तरीही गाईंचा वास होताच. पण तो त्या घराण्याचाच वास होता, कुणाच्या नाकाला लागला नाही.

मार्टा आणि तिचा नवरा ग्लेन शनिवारी येऊन पोचले होते. सोमवारी दुपारपर्यंत वॉशिंग्टनला पक्षाच्या लोकांना हो की नाही ते कळवायचं होतं. हे ग्लेनशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पण ग्लेन रविवारी सकाळी व्लास्ताआत्याच्या कॅफेत कॉफी प्यायला गेला, तेव्हापासून ते सगळ्यांना माहीत झालं.

व्लास्ता लुमीरची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, कॅफे काढलं. लिलावघरामागच्या स्वयंपाकघरात ती कणकेचे लांबट गोळे उकळत्या पाण्यात सोडत उभी होती. बाहेर भट्टीत डुकराचं मांस भाजत होतं. आंबवलेल्या कोबीचं पातेलं अल्बीनाच्या ताब्यात होतं आणि खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाच, व्लास्ताच्या. त्या दोघींमध्ये एकदा कोलाचवरूनच अकरा वर्षं अबोला झाला होता, तेव्हापासून अशी वाटणी ठरलेली होती.

मार्टा आत आली तशी व्लास्ताने तिच्या हातात झारा दिला आणि दार लावून घेतलं.

व्लास्ताच्या मनात काय होतं ते सरळ होतं. ते तिला सरळ सांगता येत नव्हतं एवढंच. दर चार वर्षांनी जानेवारीत साऱ्या देशाच्या आधी आमच्या राज्यात उमेदवारांची निवड व्हायची. त्याआधीचे सहा-आठ महिने राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला प्रत्येक माणूस आयोवातल्या गल्लीबोळांतून हिंडायचा. हाव्लिकमध्ये आला की व्लास्ताच्या कॅफेत बसायचा, कोलाच खायचा, वा म्हणायचा. मागून टीव्हीवाले यायचे, त्यांच्यामागून बघे. भिंतीवर फोटो होते. त्यातले बहुतेक हरलेले होते, पण चांगलं खाऊन हरले होते. आता आयोवाचीच बाई उभी राहिली तर बाकीच्यांनी इथे येऊन डोकं कशाला फोडायचं? घरच्या मैदानात तीच जिंकणार. ते सगळे विमान पकडून थेट पुढच्या राज्यात जाणार.

व्लास्ताने आधी मार्टाच्या तब्येतीची काळजी केली. मग ग्लेनच्या दवाखान्याची केली. दातांचे पेशंट असे वाऱ्यावर सोडून कसं चालेल म्हणाली. मग वॉशिंग्टनच्या हवेबद्दल बोलली. मार्टाने गोळे झाऱ्याने हलवत सगळं ऐकून घेतलं.

“आत्या,” ती शेवटी म्हणाली, “मी उभी राहिले तर तुझ्या कॅफेत कुणी येणार नाही. असंच ना?”

व्लास्ता पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत राहिली. “मी असं म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलंस.”

“एवढंच म्हणते की चार वर्षं थांबलीस तर काही बिघडत नाही. तू काही नासणार नाहीस. आणि जरा अनुभवही येईल.” मग तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली असावी. कारण तिने सर्वांत मोठा कोलाच उचलून मार्टाच्या तोंडाजवळ धरला. “खा. वाळलीयस नुसती.”

मार्टाने तो खाल्ला. आत्याच्या बोलण्याने वाईट वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात तिला हायसं वाटलं. नको म्हणायला एक चांगलं कारण मिळालं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

एमिल तिची वाट बघत गुरांच्या मोकळ्या कप्प्यांपाशी उभा होता. त्याला बहिणीशी एकटीशी बोलायचं होतं. घरात त्याच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही, हे त्याचं जुनं दुखणं. तीन वर्षांपूर्वी तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुकीला उभा राहिला होता आणि सपशेल पडला होता. अनुभव नाही, असं लोक तेव्हा म्हणाले होते.

“तू उभी राहा,” एमिल म्हणाला. “आजच सांगून टाक त्यांना.”

मार्टा चकित झाली. एमिलने तिला आजवर शाळेतल्या स्नेहसंमेलनातसुद्धा उभी राहा म्हटलं नव्हतं. तिने कारण विचारलं. एमिलने बरीच कारणं सांगितली. देशाला नव्या रक्ताची गरज आहे. जुन्या खोडांनी वाट अडवून धरलीय. माणूस कामावर बसल्याशिवाय त्याला अनुभव येणार कसा, आणि अनुभव नाही म्हणून त्याला कामावर बसूच दिलं नाही तर तो म्हातारा होईपर्यंत बाजूला उभाच राहणार. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. मार्टाला वाटलं, तो काउंटीबद्दल बोलतोय.

तो काउंटीबद्दल बोलत नव्हता. दहा वर्षं तो दर मंगळवारी वडिलांच्या शेजारी बसून पावत्या फाडत होता. पुकारा कसा करायचा ते त्याला वडिलांइतकंच येत होतं. कदाचित बरंच येत होतं. रिकाम्या लिलावघरात तो एकट्याने पुकारायचा तेव्हा भिंती निनादायच्या. पण लुमीर माइक सोडायला तयार नव्हता. तो फक्त एका गोष्टीसाठी सोडला असता. शुक्रवारचा पेपर वाचून तो म्हणाला होता की मार्टा उभी राहिली तर प्रत्येक राज्यात, प्रत्येक सभेत तिची ओळख करून द्यायला मी जाणार. माझ्यासारखा आवाज तिला कुठे मिळणार. ते ऐकलं त्या क्षणी एमिलला आपल्या बहिणीत राष्ट्राध्यक्ष दिसू लागला होता.

“बाबा कंटाळून जातील नाही का घरी बसून,” तो आता सहज म्हटल्यासारखं म्हणाला. “तेवढंच त्यांनाही फिरणं होईल. वर्षभर.”

मार्टाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पंधरा वर्षं पोरांची कारणं ऐकलेली मास्तरीण होती ती. पण तिने फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एमिलला तो हात होकाराचा वाटला आणि जेवायला बसेपर्यंत तो शीळ घालत हिंडला.

लुमीरचं मत कुणाला विचारावंच लागलं नाही. जेवणाच्या आधी आभाराची प्रार्थना त्याने म्हटली, आणि देवाने या घराला पन्नास वर्षांचा संसार आणि दोन मुलं दिली, आता लवकरच आणखी काहीतरी फार मोठं द्यावं, असं म्हणून तो थांबला. अल्बीनाने डोळे मिटलेलेच ठेवून टेबलाखालून त्याला लाथ मारली. “आमेन,” लुमीर म्हणाला.

अर्धं जेवण हुकुमाप्रमाणे पार पडलं. नातलग हवेबद्दल बोलले, मक्याबद्दल बोलले. पण मक्याचं बोलणंही कुठल्या कुठे जायचं. लुमीरचा चुलतभाऊ म्हणाला, मका पुरता भरू दिला पाहिजे, घाईने काढला की पस्तावायची पाळी येते. सगळ्यांनी मार्टाकडे पाहिलं. त्याची बायको म्हणाली, फार थांबलं तर गारा पडतात. सगळ्यांनी पुन्हा मार्टाकडे पाहिलं. ग्लेन खाली मान घालून मांस कापत होता. त्याला कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, मार्टा ठरवील ते मला मान्य आहे. महिनाभर तो हेच म्हणत होता आणि त्या वाक्याने मार्टाची झोप उडवली होती. बाकीच्यांच्या मताशी निदान भांडता तरी येत होतं.

कोलाच वाढायच्या वेळी दारात वेंडल ऑर उभा दिसला.

वेंडल पूर्वेकडच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा माणूस. दर चार वर्षांनी हाव्लिकला यायचा आणि व्लास्ताकडे जेवायचा. उंच, वाकलेला, सतत सर्दी झाल्यासारखा. व्लास्ताने त्याला सकाळी कॅफेत सांगितलं होतं की माझ्या भावाकडे कार्य आहे, ये गोड खायला. तो गावातल्या लोकांची मतं गोळा करायला आलाय, हे घरच्यांना सांगायचं ती विसरली. निदान पुढे ती तसं म्हणाली.

दारात आलेल्या माणसाला स्कार्डा घरातून परत पाठवत नाहीत. अल्बीनाने त्याला बशी दिली. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की इथे राजकारण बोलायचं नाही, तेव्हा तुम्ही फक्त खा. वेंडल आज्ञाधारकपणे खाऊ लागला. पण तो ज्याच्या शेजारी बसला त्याला हळूच काहीतरी विचारू लागला, आणि इथे एक विलक्षण प्रकार सुरू झाला.

दोन दिवस मार्टाला ‘इतक्यात नको’ म्हणणारे तिचे सगे परक्या माणसासमोर एकदम पालटले. मक्याची घाई करू नये म्हणणारा चुलतभाऊ म्हणाला, अनुभव म्हणजे काय हो, वॉशिंग्टनमध्ये तीस-तीस वर्षं बसलेल्यांनी काय दिवे लावले? व्लास्ताने तर कमाल केली. ती वेंडलच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तुमच्या पेपराने आजवर डोक्यावर घेतलेल्या उमेदवारांपैकी एकालाही माझं बिल नीट वाचता आलं नव्हतं, म्हणाली. आमच्या पोरीला राज्यघटना तोंडपाठ आहे. वेंडलने विचारलं, मग तिने उभं राहावं असं तुमचं मत आहे का?  भिंतीवरच्या रिकाम्या राहणाऱ्या जागा व्लास्ताच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील.

“अर्थात,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

एमिलची पाळी आली तेव्हा त्याच्या पोटात दोन ग्लास बिअर होती. बहीण लायक आहेच, असं तो ठासून म्हणाला. तयारीही सगळी झालीय, म्हणाला. बाबा तिच्याबरोबर वर्षभर दौऱ्यावर जाणार आहेत आणि इथला माइक मी सांभाळणार आहे. मंगळवारचा लिलाव कसा सुधारायचा याचे काही बेत त्याच्या डोक्यात होते, तेही त्याने सांगायला घेतले. मुळात पुकारा जरा सावकाश हवा. बाबांचं अर्धं हल्ली कुणाला कळत नाही.

लुमीर त्याच्या बरोबर मागे उभा होता.

“काय कळत नाही?” लुमीरने विचारलं.

एमिल वळला. त्याचा चेहरा भट्टीतल्या मांसासारखा लाल झाला होता. पण दहा वर्षं साठलेलं एकदा सुटलं की थांबत नाही. “आकडे, बाबा. तुमचे आकडे कळत नाहीत. गेल्या महिन्यात कुडर्नाला वाटलं त्याने कालवड घेतली आणि घरी गेला तेव्हा ट्रकमध्ये बैल होता.”

 कुडर्ना स्वतः पलीकडच्या टेबलावर बसला होता. त्याने मान हलवून ते खरं असल्याचं सांगितलं.

 लुमीर सावकाश चालत माइकच्या खुर्चीपाशी गेला आणि तीत बसला. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून तो वेंडलला म्हणाला, माझं मत लिहून घ्या. माझी मुलगी गुणी आहे. पण चार वर्षं थांबावं तिने. मला सध्या दौऱ्यावर जायला सवड नाही.

एमिल बाहेर निघून गेला. चुलतभावाला लुमीरचं पटलं, त्याच्या बायकोला एमिलचं. टेबलाच्या दोन बाजू पडल्या. व्लास्ता दारातून डोकावून भावाला म्हणाली की स्वतःच्या माइकपायी पोरीचं नुकसान करू नकोस. सकाळच्या कॅफेवरच्या बोलण्याची तिला आठवण करून द्यावी, असं मार्टाला वाटून गेलं. या सगळ्यांच्या मधोमध ती हातात बशी घेऊन उभी होती आणि तिच्याबद्दल चाललेल्या या भांडणात तिला कुणी काही विचारत नव्हतं.

वेंडलने नाक पुसलं. पेपरवाला असला तरी भला माणूस होता, आपल्यामुळे कार्याचा विचका झाला म्हणून तो ओशाळला. अल्बीनाची क्षमा मागायला तो तिच्याजवळ गेला. ती कोलाचची परात रिकामी करत होती. क्षमा मागून झाल्यावर सवयीने त्याच्या तोंडून गेलंच: तुम्हाला काय वाटतं, बाई? तुमची मुलगी राष्ट्राध्यक्ष व्हायला तयार आहे?

“नाही,” अल्बीना म्हणाली.

वेंडलला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“नाही म्हटलं मी. तयार नाही ती.” अल्बीनाने त्याच्या बशीत शेवटचा कोलाच ठेवला. “लिहा. आणि हा खाऊन टाका, उरला तर वाळेल.”

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ते शब्द सगळ्यांना ऐकू गेले. चुलतभाऊ आणि त्याची बायको भांडायची थांबली. लुमीर माइकच्या खुर्चीतून अर्धवट उठला. आईने असं म्हणावं, तेही पेपरवाल्याला, हे आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. परक्याने म्हटलं तर ते मत. घरच्याने म्हटलं तर तो घात. एमिल हरला तेव्हाही हीच अल्बीना दारोदार हिंडून माझ्या मुलासारखा माणूस काउंटीला मिळायचा नाही असं सांगत होती.

मार्टाने बशा गोळा केल्या आणि ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. व्लास्ता तिथे होती. तिने मायलेकींची तोंडं पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच, काही न विचारता बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

अल्बीनाने बाह्या सारल्या, नळ सोडला.

“आई, दोन वर्षांत माझ्या विरोधकांनीसुद्धा हे इतकं उघड म्हटलेलं नाही.”

“त्यांना तू इतकी माहीत नाहीस.”

मार्टाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. तिचे कान तापले होते. तिने बोलायला सुरुवात केली आणि मग तिलाच आवरेना. तयार नाही म्हणजे काय? पक्षातून उभ्या राहायला निघालेल्या बाकीच्या सहा जणांची नावं तिने घेतली. एकाला गव्हाचा भाव माहीत नव्हता. दुसरा स्वतःचं भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि तिसऱ्याकडून समजून घ्यायचा. सैनिकांच्या दवाखान्यांचं विधेयक दोन वर्षं धूळ खात पडलं होतं, ते तिने कसं उठवलं, कुणाकुणाच्या दारात जाऊन बसली, ते तिने सांगितलं. ते काम तिला किती आवडलं, ते सांगताना तिचा आवाज बदलला. अल्बीना बशा विसळत राहिली. 

मार्टा थांबली तेव्हा अल्बीनाने विचारलं, “सकाळी आत्या नको म्हणाली. तेव्हा काय वाटलं तुला?”

मार्टाने थोडा विचार केला. “हायसं वाटलं.”

“का?”

“तिला माझं काही घेणंदेणं नव्हतं. तिला कॅफेची काळजी होती. तिच्यासाठी मी नाही म्हटलं असतं तर माझ्यावर काही आलं नसतं.”

“आणि मी नाही म्हटल्यावर?”

“हातातली बशी फोडावीशी वाटली.”

“बरं झालं फोडली नाहीस. माझ्या सासूची आहे.” अल्बीनाने नळ बंद केला आणि ओले हात तसेच ठेवून लेकीकडे वळली. “हे बघ. ती तयार आहे का, असं त्याने विचारलं. नाहीयेस तू. मी लग्न करून या घरात आले तेव्हा मीही नव्हते. खोटं मला बोलता आलं असतं, एमिलच्या वेळी बोलले होते. आईचं कौतुक कुणी मोजत नाही, हे तेव्हाच शिकले. पण तुला हे हवंय का, ते त्याने विचारलं नाही. पेपरानेही नाही. ग्लेनने तरी विचारलंय का?”

मार्टाने मान हलवली.

“मग मी विचारते.”

बाहेर रिंगणात कुणीतरी खुर्च्या आवरत होतं. मार्टा ओट्याला टेकून उभी राहिली. महिनाभर तिने लोकांची मतं ऐकली होती, टक्के ऐकले होते, हितचिंतकांचे सल्ले ऐकले होते. हा प्रश्न मात्र तिने स्वतःलाही केला नव्हता. उत्तराची तिला भीती होती. एवढं थोडं आयुष्य गाठीशी असताना एवढं मोठं काही हवं वाटणं तिला उर्मटपणाचं वाटत होतं.

“हवंय,” ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा तिला राग आला.

अल्बीनाने तिच्या हातात फडकं दिलं. “पूस. बशा म्हणतेय मी.”

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा वेंडल निघून गेला होता. मार्टाने जास्त लांबण लावली नाही. मी उभी राहतेय, एवढंच तिने सांगितलं. ग्लेनने तिच्याकडे पाहिलं आणि महिन्याभरात पहिल्यांदाच ‘तू ठरवशील ते मला मान्य’ याहून वेगळं काही म्हणाला. तो म्हणाला, “मला भीती वाटतेय.” मार्टा त्याच्याजवळ जाऊन बसली. मलाही, म्हणाली. लुमीरने घसा खाकरला. ओळख करून द्यायला कोण येणार, असं त्याने विचारलं. मार्टाने सांगितलं की आयोवातल्या सभांना बाबांनी यावं. फक्त मंगळवारी. लुमीरने बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मग बाहेर जाऊन त्याने एमिलला काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. पण एमिल आत आला तेव्हा त्याने वडिलांसाठी कॉफी ओतली, आणि दोघांनी ती एकमेकांकडे न बघता प्यायली.

व्लास्ताचं मात्र समाधान झालं नाही. झालं ते झालं, ती म्हणाली, पण उमेदवाराने करायचं ते सगळं तू करायचंस. गावची म्हणून सवलत नाही. उद्या सकाळी कॅफेत यायचं, काउंटरशी उभं राहायचं, लोक विचारतील त्याला उत्तर द्यायचं.

सोमवारी सकाळी वेंडलची बातमी गावात पोचली होती. ‘तयार नाही, आई म्हणते’, असा मथळा होता. कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळे संतापलेले होते. शुक्रवारी ‘इतक्यात नको’ म्हणणारे न्हाव्याच्या दुकानातले दोघे आता अल्बीनाला नावं ठेवत होते. पोटच्या मुलीबद्दल असं बोलतं का कुणी? पोरीत काय कमी आहे? तिने मला नापास केलं, पण वाजवी केलं, असं एक जण म्हणत होता.

अल्बीना काउंटरशी उंच स्टुलावर बसून हे सगळं ऐकत कॉफी पीत होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मार्टा आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्लास्ताने झाऱ्याने काउंटर ठोकून सगळ्यांना गप्प केलं आणि पहिला प्रश्न कुणाचा, असं विचारलं.

“माझा,” अल्बीना म्हणाली. ती स्टुलावर वळली. “सिनेटरबाई, इतका थोडा अनुभव असताना एवढं मोठं काम तुम्ही का मागताय?”

कॅफेत कुजबुज झाली. कोपऱ्यात वेंडलने पेन काढलं. मार्टाने गाडीत बसून या प्रश्नाचं चांगलं, लांबलचक उत्तर तयार केलं होतं. त्यात दोन विनोदही होते. आईच्या तोंडाकडे बघितल्यावर तिला ते देता येईना.

“अनुभव थोडाच आहे, खरं आहे तुमचं,” ती म्हणाली. “काम हवंय म्हणून मागतेय. ते मला करता येईल असं वाटतं. जिथे येणार नाही तिथे विचारीन.”

 पुढे काही आहे का, याची लोक थोडा वेळ वाट बघत राहिले. अल्बीनानेही वाट पाहिली. मग तिने मान डोलावली आणि कपात साखर घालून ढवळू लागली.

व्लास्ताला राहवलं नाही. “मग? मत देणार का हिला?”

“जानेवारीला अवकाश आहे,” अल्बीना म्हणाली. “बाकीच्यांचंही ऐकून घेऊ दे.”

“बाकीचे कुणी येणार नाहीत. तेच तर मी कालपासून सांगतेय.”

“मग हिलाच पुन्हा यायला सांग,” अल्बीना म्हणाली.